वादळाची स्वभावोक्ति

कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालयाचें जें वर्णन आहे त्यांत एक लहानशी गोष्ट अशी आहे कीं, वाचणाराच्या ती लक्षांतहि राहूं नये. ढग पर्वताच्या कमरेशीं हिंडत असतात. त्यांच्या सावलींत बसणारे सिद्ध पावसानें त्रस्त झाले म्हणजे वरच्या, उन्हांतल्या शिखरांचा आश्रय करितात. खालीं वृष्टि आणि वर ऊन हा देखावा कालिदासानें स्वतः पाहिला होता कीं कोणा प्रवाशाच्या तोंडून ऐकला होता, तें सांगतां येणार नाहीं. परंतु तो खोटा नाहीं. ता. १० मे १९९६ रोजीं दुपारीं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसांनीं जवळ जवळ हेंच पाहिलें. पायांखालच्या दऱ्यांत ढग भरत होते आणि माथ्यावर ऊन होतें. फरक इतकाच कीं, सिद्धांना खालीं उतरण्याची घाई नव्हती. या माणसांना अंधार पडण्यापूर्वीं उतरावयाचें होतें.

त्या वादळांत पर्वताच्या दक्षिण व उत्तर अशा दोन्ही अंगांना मिळून आठ गिर्यारोहक मृत्यु पावले. त्यावर पुढें जें लिहिलें गेलें त्यांतील तीन इंग्रजी ग्रंथ आपल्याकडील तरुण आजहि आवडीनें वाचतात: जॉन क्राकॉर यांचा ‘इन्टु थिन एअर’ (१९९७), अनातोली बुक्रीव्ह यांनीं वेस्टन डिवॉल्ट यांच्या साहाय्यानें लिहिलेला ‘द क्लाइम्ब’ (१९९७), आणि बेक वेदर्स यांचा ‘लेफ्ट फॉर डेड’ (२०००). क्राकॉर, बुक्रीव्ह व वेदर्स हे तिघेहि त्या वादळांत सांपडलेले होते. या ग्रंथांविषयीं जी चर्चा ऐकूं येते ती बहुतेक एकाच प्रश्नाभोंवतीं फिरते, तो म्हणजे दोष कोणाचा? हा प्रश्न गैर आहे असें मी म्हणत नाहीं. आठ माणसें जातात तेव्हां तो विचारला गेलाच पाहिजे. परंतु दोषाचा निवाडा करण्यापूर्वीं वादळ केव्हां सुरू झालें, बर्फानें काय केलें, कोणाला किती दिसत होतें, हें ठरावयास हवें. आणि तें ठरविण्याचें मुख्य साधन म्हणजे याच ग्रंथांतील निसर्गवर्णन. सामान्य वाचक ज्या भागावरून भरभर नजर फिरवून पुढें जातो, तोच भाग येथें पुराव्याचा आहे.

वस्तु जशी आहे तशी सांगणें याला आपल्या साहित्यशास्त्रांत स्वभावोक्ति म्हणतात. दंडीनें तिला अलंकारांत पहिलें स्थान दिलें. कुंतकानें ती अलंकारच नव्हे म्हणून बाहेर काढली. वस्तूचा स्वभाव हें अलंकार घालावयाचें शरीर, तेंच अलंकार कसें होईल, असा त्याचा आक्षेप. हा वाद शिकवूं लागलें म्हणजे वर्ग जांभया देऊं लागतो, व त्यांत विद्यार्थ्यांचा सर्वस्वीं दोष नाहीं. पळणाऱ्या हरणाचें एकच उदाहरण पिढ्यान् पिढ्या पुढें ठेविलें तर दुसरें काय होणार? मला मात्र हे तीन ग्रंथ एकापाठोपाठ वाचल्यावर त्या जुन्या वादांत कांहीं तरी जिवंत आहे असें वाटूं लागलें. येथें वस्तु जशी होती तशी सांगितली न गेल्यास मेलेल्या माणसांवर अन्याय होतो, आणि जगलेल्यांवरहि.

घटना थोडक्यांत अशी. न्यूझीलंडचे रॉब हॉल व अमेरिकेचे स्कॉट फिशर हे दोघे नामांकित गिर्यारोहक मोबदला घेऊन हौशी माणसांना एव्हरेस्टवर नेत असत. क्राकॉर हे एका मासिकाचे लेखक म्हणून हॉल यांच्या तुकडींत होते. टेक्सासचे डॉक्टर वेदर्स त्याच तुकडींत होते. आणि बुक्रीव्ह हे फिशर यांच्या तुकडीचे एक वाटाडे. ता. ९ मे रोजीं सुमारें ७,९०० मीटर उंचीच्या साउथ कोल या खिंडींत त्यांचे तंबू पडले तेव्हां सोसाट्याचा वारा सुटला होता. सायंकाळनंतर तो एकाएकीं पडला, आकाश निवळलें, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही तुकड्या शिखराकडे निघाल्या. दुपारीं एक, फार तर दोन वाजतां, जेथें असूं तेथून परत फिरावयाचें असें बोलणें झालेलें होतें. वरच्या वाटेवर दोर आधीं बांधलेले नव्हते, अरुंद जागीं माणसें खोळंबलीं आणि वेळ गेला. क्राकॉर एकच्या सुमारास माथ्यावर पोहोंचले, फिशर साडेतीननंतर, हॉल यांच्या तुकडींतील डग हॅन्सन चारनंतर. तोंवर खालचे ढग वर आले होते.

मे महिनाच कां, याचें उत्तर या ग्रंथांतून तुटक तुटक मिळतें. हिवाळाभर एव्हरेस्टच्या माथ्यावरून पश्चिमेकडून येणारा अतिवेगवान् वायुप्रवाह वाहत असतो. मान्सून जवळ येऊं लागला म्हणजे हा प्रवाह उत्तरेकडे सरकतो, आणि पावसाळी ढग येऊन थडकण्यापूर्वींचे थोडे दिवस माथ्यावरचा वारा मंदावतो. तेवढ्या फटींतून चढावयाचें व उतरावयाचें. गिर्यारोहकांचा सुमुहूर्त हा असा दोन ऋतूंच्या सांध्यावरचा आहे, आणि सांध्यावरचे दिवस कसे असतात हें महाराष्ट्रांतील वाचकाला शिकवावयास नको. तो दिवस वैशाख वद्य पक्षांतला. याच दिवसांत आपल्याकडे दुपारपर्यंत रखरखीत ऊन असतें. तिसऱ्या प्रहरीं क्षितिजावर पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखे ढग चढूं लागतात. त्यांचे माथे पांढरे आणि बुंधे काळे असतात. व घटकाभरांत वळीव कोसळतो. ढगाचा तो काळा बुंधा दिसतांच खेड्यांतली म्हातारी अंगणांत वाळत घातलेलें धान्य आंत घेते. परंतु तोच ढग वरून पाहिला तर? वरून बुंधा दिसत नाहीं. उन्हांत चमकणारा पांढरा माथा तेवढा दिसतो.

क्राकॉर यांच्या ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग, माझ्या मतें, येथें आहे. शिखरावरून त्यांना दक्षिणेकडच्या दऱ्यांत ढग जमतांना दिसले, आणि त्यांत भय वाटण्यासारखें कांहीं आहे असें त्यांना वाटलें नाहीं. फिशर यांच्या तुकडींत मार्टिन ॲडम्स नांवाचे एक गृहस्थ होते. ते विमान चालवीत. ढगांकडे वरून पाहण्याची त्यांच्या डोळ्यांना संवय होती. त्यांनीं तेच निरुपद्रवी दिसणारे पुंजके पाहिले आणि हे गडगडाटी ढगांचे माथे आहेत हें ओळखलें. क्राकॉर यांना हें मागाहून कळलें, व त्यांनीं तें आपल्या पाहण्याच्या शेजारींच नमूद करून ठेविलें. सामान्य लेखक येथें मोहांत पडला असता. पुढें काय झालें हें ठाऊक असल्यामुळें त्यानें त्या ढगांना आधींच काळे रंगविलें असतें, त्यांत मृत्यूची चाहूल ऐकली असती. आपल्या प्रवासवर्णनांतून अशी चाहूल पानोपानीं ऐकूं येते. दरड कोसळावयाची असली कीं लेखकाचा डावा डोळा सकाळपासून लवतो. क्राकॉर यांनीं ढग पांढरे होते म्हणून पांढरेच ठेविले. आणि तसें केल्यामुळेंच त्या दिवसाचें मर्म वाचकाला कळतें. अनर्थाचें चिन्ह समोर होतें. तें वाचण्याची विद्या सर्वांपाशीं नव्हती. ‘वादळ एकाएकीं आलें’ हें वाक्य या घटनेविषयीं शंभर वेळां लिहिलें गेलें आहे. तें एकाएकीं आलें नाहीं. तें खालून, डोळ्यांदेखत, सावकाश वर आलें.

बर्फाकडे वळतांना भाषेची अडचण उभी राहते, ती सांगून टाकितों. पावसासाठीं मराठींत वळीव आहे, झड आहे, सर आहे, भुरभूर आहे, संततधार आहे. बर्फासाठीं मात्र एकच शब्द. सरबतांत टाकावयाचा तो बर्फ, कड्यावर कांचेसारखा घट्ट बसलेला तोहि बर्फ, आणि आकाशांतून पडणारा तोहि बर्फच. हिम हा शब्द आहे, पण तो पोथींतून बाहेर आला कीं अवघडतो. त्यामुळें मराठी वाचक बर्फाचें वादळ म्हटलें म्हणजे कापसासारखे मऊ तुकडे तरंगत खालीं येत आहेत असें चित्र डोळ्यांपुढें आणतो. चित्रपटांनीं ही समजूत अधिकच दृढ केली आहे. आठ हजार मीटरांवर तसें नसतें. तेथील थंडींत बर्फ कोरडा असतो. त्याचे कण रव्यासारखे बारीक असतात व ते एकमेकांना चिकटत नाहींत. वारा सुटला म्हणजे आकाशांतून पडणारे कण आणि जमिनीवरून उधळलेले कण यांत भेदच उरत नाहीं. कण आडवे येतात, डोळ्यांत सुईसारखे शिरतात, चष्म्यावर बसून गोठतात. उताराच्या वाऱ्याकडील अंगावरचा बर्फ खरवडला जाऊन खालचा कठीण थर उघडा पडतो, आणि तोच बर्फ आडोशाच्या बाजूला साचतो. वाटेवरचीं पावलें व दोर झांकले जातात. जमीन, हवा आणि ढग एकाच पांढऱ्या रंगाचे होतात व सावली नाहींशी होते. सावली नसली म्हणजे चढ कोणता आणि उतार कोणता हें डोळ्यांना कळत नाहीं. पुढचें पाऊल जमिनीवर पडेल कीं हवेंत, हें तें टाकल्यावरच समजतें. रात्रीच्या अंधारापेक्षां हा पांढरा अंधार अधिक फसवा, कारण त्यांत डोळे उघडे असतात.

हाच बर्फ दुरूनहि वाचतां येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरून बर्फाची लांब शेपटी उडतांना दिसली म्हणजे वर वारा किती आहे याचा अंदाज जाणते लोक करितात. त्याच मे महिन्यांत, त्याच वाटेवर, डेव्हिड ब्रेशर्स यांची चित्रपट घेणारी मंडळी होती. ती या दोन तुकड्यांच्या पुढें, तिसऱ्या मुक्कामापर्यंत चढली होती; माथ्यावरच्या वाऱ्याचें लक्षण तिला पसंत पडलें नाहीं आणि ती खालीं उतरली. उतरतांना तिला वर जाणाऱ्या हॉल व फिशर यांच्या तुकड्या भेटल्या. पुढें संकट आल्यावर याच मंडळींनीं आपलें काम टाकून मदत केली व आपला प्राणवायूचा सांठा मोकळा करून दिला, आणि ता. २३ मे रोजीं तीं माणसें शिखरावर गेलीं. क्राकॉर हें सर्व सांगतात, पण घाईनें. माझी त्यांच्याविरुद्ध एक तक्रार अशी कीं, परत फिरणाऱ्यांचें मन त्यांनीं पुरेसें उघडून दाखविलें नाहीं. चढणाऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेचें वर्णन करण्यास त्यांची लेखणी फार तयार आहे. न चढण्याचा निर्णय कसा घेतला जातो, शेपटी किती लांब दिसली म्हणजे माणूस पाठ फिरवितो, हें वाचावयास मिळतें तर ग्रंथ अधिक शहाणा झाला असता.

आतां त्या रात्रीकडे. सायंकाळीं उतरणारीं अकरा माणसें साउथ कोलवर पोहोंचलीं. तंबू कांहींशें यार्डांवर होते, पण दिसत नव्हते. कोल ही सपाट जागा आहे; वाऱ्यानें झाडून काढलेला घट्ट बर्फ व दगड यांनीं ती भरलेली आहे, आणि तिच्या पूर्वेच्या कडेखालीं कांगशुंगचा कडा सुमारें दोन हजार मीटर तुटलेला आहे. वाऱ्याला पाठ देऊन चालतां चालतां हीं माणसें त्या कडेपर्यंत गेलीं. नील बाइडलमन या वाटाड्याला पुढें पोकळी आहे असें जाणवलें व त्यानें सर्वांना थांबविलें. मग एकमेकांना चिकटून, पाठीवर थापा मारीत, झोंपूं नका म्हणून ओरडत तीं बसून राहिलीं. मध्यरात्रीच्या सुमारास वरचे ढग थोडे फांकले, तारे दिसले, पर्वताचा आकार दिसला, आणि ज्यांना चालतां येत होतें ते तंबूकडे गेले. पांच जण मागें राहिले. बुक्रीव्ह एकटे त्या वादळांत बाहेर पडले. पहिल्यानें त्यांना कोणी सांपडलें नाहीं. ते पुन्हां गेले, आणि पहाटेपर्यंत तिघांना घेऊन आले. उरलेल्या दोघांपैकीं जपानच्या यासुको नाम्बा मृत्यु पावल्या. दुसरे वेदर्स. त्यांना मेले म्हणून सोडून दिलें होतें. ते दुसऱ्या दिवशीं दुपारीं उठून, चालत तंबूपाशीं आले.

या रात्रीचीं तीन वर्णनें शेजारीं ठेवून वाचावीं. वेदर्स यांच्या डोळ्यांवर पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली होती व उंचावर त्यांची दृष्टि गेली. त्यामुळें ते शिखराकडे न जातां वाटेंतच हॉल यांची वाट पाहत तासन् तास उभे राहिले होते. म्हणजे हा साक्षीदार वादळापूर्वींच आंधळा झालेला. त्यांच्या ग्रंथांत वादळ फारसें दिसत नाहीं. थंडी मात्र हाडापर्यंत जाणवते. ग्रंथाचा पुष्कळसा भाग घरसंसार व मनाचा विषाद यांनीं व्यापलेला आहे, आणि केवळ पर्वतासाठीं पुस्तक हातीं घेणारा त्याला कंटाळेल. मी कंटाळलों नाहीं. उजवा हात, डाव्या हाताचीं बोटें व नाक गमावलेला मनुष्य आपल्या अपयशी गृहस्थाश्रमाविषयीं इतक्या साधेपणानें लिहितो हें वाङ्मयांत वारंवार घडत नाहीं.

‘द क्लाइम्ब’ हा ग्रंथ दोन आवाजांत आहे. एक बुक्रीव्ह यांचा. त्यांचें इंग्रजी बेताचें, वाक्यें तोकडीं, पण प्रत्येक वाक्याला वजन आहे. दुसरा डिवॉल्ट यांचा, आणि तो वकिली आहे. बुक्रीव्ह वाऱ्याविषयीं, दिव्याच्या लहानशा उजेडाविषयीं, हिसका मारून चालणाऱ्या पायांविषयीं बोलतात तेव्हां आपण त्यांच्याबरोबर कोलवर असतों. डिवॉल्ट बोलूं लागले कीं कचेरींत येतों. सहलेखक अधिक विश्वास ठेवणारा असता तर हा ग्रंथ तिघांत श्रेष्ठ ठरता असें मला वाटतें.

क्राकॉर यांच्यापाशीं या दोघांहून मोठी वाक्शक्ति आहे, आणि म्हणूनच त्यांची जबाबदारी मोठी. त्यांच्या साक्षीची कसोटी एका प्रसंगानें झाली. सायंकाळीं तंबूंच्या थोडें वर, वादळांत, त्यांना एक मनुष्य भेटला. तो अँडी हॅरिस हा आपल्याच तुकडींतला तरुण वाटाडा असें त्यांनीं ओळखलें, त्याच्याशीं ते बोलले, आणि हॅरिस तंबूपर्यंत सुखरूप आला होता असें त्यांनीं सर्वांना सांगितलें. हॅरिस यांच्या घरच्यांनींहि तेंच धरून चाललें. वास्तविक हॅरिस तेथें आलेच नव्हते. ते वर, हॉल यांच्या मदतीस गेले होते व तेथेंच नाहींसे झाले. क्राकॉर यांना भेटलेला मनुष्य मार्टिन ॲडम्स होता, तोच विमान चालविणारा, ज्यानें ढग ओळखले होते. तोंडावर बर्फ, डोळ्यांवर झांकण, अंगावर सर्वांसारखाच जाड पोषाख, आणि पाहणाराच्या मेंदूला प्राणवायु पुरत नाहीं: अशा स्थितींत माणूस माणसाला ओळखीत नाहीं. ही चूक उघडकीस आल्यावर क्राकॉर यांनीं ती ग्रंथांत झांकली नाहीं. ती कशी झाली व तिनें किती दुःख दिलें हें सविस्तर सांगितलें. याबद्दल त्यांची जेवढी प्रशंसा व्हावी तेवढी थोडीच.

परंतु नेमकें येथेंच मला त्यांच्याशीं भांडावयाचें आहे. आपल्या डोळ्यांनीं दहा हातांवरून पाहिलेला मनुष्यहि आपण चुकीचा ओळखला, हें ज्याला कळून चुकलें, त्यानें त्याच रात्रीच्या इतर माणसांच्या हेतूंविषयीं इतक्या ठामपणें कसें बोलावें? बुक्रीव्ह वाटाडे असून कृत्रिम प्राणवायु न घेतां चढले, व आपल्या माणसांच्या आधीं खालीं उतरले, हा क्राकॉर यांचा आक्षेप. तो मांडण्याचा त्यांना अधिकार आहे आणि पहिल्या भागांत तथ्यहि आहे. मागून येणाऱ्यांच्या मदतीसाठीं ताजेतवानें राहावें म्हणून आपण लवकर उतरलों व फिशर यांना तें मान्य होतें, हें बुक्रीव्ह यांचें उत्तर. फिशर परत आले नाहींत, तेव्हां त्या संभाषणाचा निकाल कोण लावणार? मात्र बर्फाची साक्ष घेतली तर एक गोष्ट स्पष्ट होते. सायंकाळनंतर कोलवर ज्या स्थितींत माणसें होतीं, त्या स्थितींत पुन्हां बाहेर पडण्याचें बळ एकाच माणसांत शिल्लक होतें. तो लवकर उतरला नसता तर तें बळ राहिलें असतें काय? क्राकॉर बुक्रीव्ह यांच्या धैर्याचें मोकळेपणानें कौतुक करितात, पण हा प्रश्न ते शेवटपर्यंत पोहोंचवीत नाहींत. दुपारच्या उन्हांत शोभणारी निश्चिति त्यांनीं रात्रीच्या वादळांत नेली आहे. अमेरिकन अल्पाइन क्लबनें १९९७ सालीं बुक्रीव्ह यांचा त्या बचावाबद्दल गौरव केला. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला अन्नपूर्णेवर बर्फाच्या लोटाखालीं ते गेले. त्यानंतरहि दोन्ही ग्रंथांच्या पुढील आवृत्त्यांतून डिवॉल्ट व क्राकॉर यांचा वाद चालूच राहिला. त्या पुरवण्या वाचकानें वाचल्या नाहींत तरी चालेल.

आणखी एक मुद्दा. क्राकॉर म्हणतात कीं तें वादळ कांहीं असामान्य नव्हतें, एव्हरेस्टवर नेहमीं येतें तसलेंच होतें. घटका दोन घटका उशिरां येतें तर कदाचित् कोणीहि मेलें नसतें, आणि आधीं येतें तर आणखी कितीतरी मेलीं असतीं. यांतला वेळेचा हिशेब बरोबर आहे. पण केंट मूर व जॉन सेंपल या शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्या दिवसांच्या वातावरणाची तपासणी केली, आणि वरच्या थरांतील अतिशय वेगवान् वायुप्रवाह व अगदीं वरची हवा खालीं उतरून येणें या दोन गोष्टींचा संबंध त्या वादळाशीं जोडून दाखविला. त्याबरोबर हवेचा दाबहि उतरला. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें एकतृतीयांश. तेथें मनुष्य जगण्याच्या अगदीं कडेवर असतो. दाब थोडा उतरला तरी त्याच श्वासांत प्राणवायु कमी मिळतो. म्हणजे वादळ नुसतें बाहेरून झोडपीत नव्हतें, तें प्रत्येकाच्या छातींतूनहि कांहीं काढून घेत होतें. डोळ्यांना नेहमींसारखें दिसलेलें वादळ दाबमापकाला नेहमींसारखें नव्हतें.

याच मूर यांनीं पुढें, २०१० सालीं, इतर सहकाऱ्यांसह १९२४ सालच्या मोहिमेकडे पाहिलें. त्या वर्षीं ८ जून रोजीं मॅलरी व अर्व्हिन शिखराकडे जातांना नाहींसे झाले. खालून येणाऱ्या ओडेल यांनीं दुपारीं त्यांना शेवटचें पाहिलें व थोड्याच वेळांत हिमवर्षाव सुरू झाला. तें वादळ दोनएक तासांचें व किरकोळ, असें पिढ्यान् पिढ्या मानलें गेलें, कारण ओडेल यांच्या हकीकतींत तें तसें आहे. पण त्याच मोहिमेंतील सॉमरव्हेल यांनीं दाबाचीं मापें नोंदविलीं होतीं आणि तीं १९२६ सालीं छापलींहि गेलीं होतीं. मूर यांना त्या कोष्टकांत दाब सुमारें १८ मिलिबार उतरलेला आढळला. १९९६ च्या उताराहून हा पुष्कळ मोठा. ऐंशीं वर्षें सर्वांनीं हकीकत वाचली व कोष्टक कोणी वाचलें नाहीं. आम्ही वाङ्मयाचे लोक आंकड्यांपुढें नाक मुरडतों. दंडी आज असता तर त्यानें तें कोष्टक स्वभावोक्तींत घातलें असतें कीं नाहीं, याचा मीं गंमतीनें पुष्कळ वेळां विचार केला आहे.

शेवटीं उत्तरेच्या अंगाविषयीं. त्याच १० मे रोजीं तिबेटच्या बाजूनें भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची तुकडी चढत होती. तिच्यांतील त्सेवांग स्मान्ला, दोर्जे मोरुप व त्सेवांग पाल्जोर हे तिघे लडाखी जवान, बाकीचे मागें फिरल्यावरहि, पुढें गेले. सायंकाळीं त्यांनीं शिखर गांठल्याचें बिनतारी यंत्रावरून कळविलें. ते खरोखर माथ्यावर होते कीं ढगांत पुढचें कांहीं न दिसल्यामुळें अलीकडच्याच एखाद्या उंचवट्याला माथा समजले, याविषयीं पुढें शंका घेतली गेली. क्राकॉरहि ती घेतात. तिघांपैकीं कोणी परतलें नाहीं. आठांपैकीं हे तीन, पण या तीन ग्रंथांत मिळून त्यांच्या वांट्याला फार थोडीं पानें आलीं आहेत. दक्षिणेकडे लेखक होते, मासिक होतें, उपग्रहावरून चालणारा टेलिफोन होता. मरणाऱ्या हॉल यांना हजारों कोसांवरच्या आपल्या पत्नीशीं बोलतां आलें व तें बोलणें जगानें वाचलें. उत्तरेकडचा तो ढग कसा होता, तिकडे बर्फ कोणत्या बाजूनें येत होता, त्या शेवटच्या चढणीवर पावलें कितपत उमटत होतीं, याचें स्वभावोक्तीला साजेल असें वर्णन मला या पुस्तकांत सांपडलें नाहीं. लडाखच्या माणसापाशीं बर्फासाठीं एकच शब्द खास नसेल. त्या मोहिमेंतून परत आलेल्यांपैकीं कोणी त्या दिवसाची हकीकत ढगांपासून सुरुवात करून सांगितली, आणि ती मराठींत आली, तर या तिन्ही ग्रंथांच्या शेजारीं ठेवावयास मी फळीवर जागा ठेविली आहे.